कोंबडी आज मिळणार नाही

ज्वेन-हुंग,

मी आईकडे पिंगतुंगला निघालेय, उद्या येईन. भात कुकरमध्ये आहे, पालेभाजी तेवढी दोघं मिळून परतून घ्या. फ्रीजरमधली कोंबडी शोधत बसू नकोस. ती आणि तुझ्या आईने पाठवलेल्या काढ्याच्या पुड्या, दोन्ही मी घेऊन चाललेय.

पोरगा वयात आला की त्याला काढ्यात शिजवलेली कोंबडी खाऊ घालायची, हे मलाही मान्य आहे. पण या महिन्यातली ही तिसरी. आज पहाटे यू-काय पुन्हा गुपचूप चादर धूत होता. मला बघून रडवेला झाला. "आई, मला काही रोग झालाय का?" मी म्हटलं, नाही रे, वयात येताना मुलांना झोपेत होतं असं. तर म्हणाला, "मग बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी नुसती तंगडी का वाढली?"

याला मी काय उत्तर देऊ? "खा, उंच होशील" म्हणालास म्हणे. अरे, त्याने उंचीचं विचारलं होतं का? शाळेतल्या नर्सबाईंनी पालकांना याचसाठी बोलावलं, तेव्हाही तुला नेमकं दुकानात काम निघालं.

लग्नानंतर तूच मला सांगितलं होतंस, त्या वयात तुलाही हीच भीती वाटायची आणि तुझे बाबा समोर बसून मुकाट्याने कोंबडी वाढत राहायचे. तेव्हा तुला त्यांच्या तोंडून जे ऐकायचं होतं, तेवढंच यू-कायला सांग.

आज वाढायला तुझ्याकडे काही नाही. बोलावंच लागेल.

ह्वेई-रू