स्पिरिटात घातलेलं पाणी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आता कॉलेजातून फोन आलाय. प्रयोगशाळेला तुमचं नाव देणार आहेत, तुमच्या विद्यार्थिनीने चार शब्द लिहून पाठवावेत म्हणतात. लिहायला बसले तर हेच येतंय. तुमच्याबद्दल माझ्या मनात आदर उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

परभणीच्या त्या खोलीत आपण पाणी धरून ठेवणारं पॉलिमर करत होतो. साखरेएवढे दाणे, मातीत मिसळले की उघडिपीतही मुळांशी ओल टिकावी म्हणून. पाणी ते भरपूर धरायचे, पण आत थोडं कच्चं ॲसिड राहून जायचं आणि चाचणीला ताटलीत त्यावर रुजवलेल्या मुगाच्या मोडांची टोकं काळी पडायची. तुम्ही निव्वळ स्पिरिटाने धुवायला लावायचात. त्यात दाणे आकसून कडक होत, ॲसिड आतच कोंडे. दाणा जरासा फुगला तर आतलं बाहेर येईल, असं मला वाटलं आणि मी स्पिरिटात थोडं पाणी घातलं. तुम्ही दारात उभे. ‘शेळ्या पाजायलीस का गं? प्रयोगशाळा हाय ही, तुझ्या बापाचा गोठा न्हाई.’ सगळे हसले. माझे आबा चुडाव्याला शेळ्या राखतात, हे प्रवेशाच्या दिवशी तुम्हाला मीच विश्वासाने सांगितलं होतं. मी मान खाली घालून धूत राहिले. पाचव्या दिवशी मोड पांढरेशुभ्र, बोटभर लांब. तुम्ही ताटली खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलीत आणि एवढंच म्हणालात, ‘प्रमाण लिहून दे.’ मी दिलं.

पेटंटवर दोन नावं आली, तुमचं आणि तुमच्या जावयाचं. जावयाने त्या खोलीत कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. मी विचारायला आले तेव्हा तुम्ही बशीत चहा ओतत होता. मान वर न करता म्हणालात, ‘पेटंट डोक्याचं असतंय बाई, हाताचं न्हाई. भांडी धुणाऱ्याचं नाव कुणी टाकतंय का?’ आज मी एका कारखान्यात शुद्धीकरणाचा विभाग सांभाळते. पेटंटच्या अर्जात माझ्या हाताखालच्या पोरींची नावं आधी लिहिते, मग माझं. त्याचं श्रेय तुम्हाला द्यायला जीभ वळत नाही. कॉलेजला ‘सर शिस्तीचे होते’ एवढं कळवीन. हा कागद माझ्याजवळच राहणार.

कारण यातली एक गोष्ट कुणी वाचू नये. पेटंटची बातमी छापून आली, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून आबा स्टेशनावरून पेपर घेऊन आले. त्यांना वाचता येत नाही. ‘यात तुजं नाव कंचं हाय?’ त्यांनी विचारलं. मी तुमच्या नावावर बोट ठेवलं. आबांनी ते कात्रण ट्रंकेत ठेवलंय. अजून पाहुणे आले की काढून दाखवतात. पाहुणे वाचतात, एकदा माझ्याकडे बघतात, आणि घडी घालून परत देतात.