मामाच्या डाव्या कानाशी

२ फेब्रुवारी, सोमवार

मिशी लावून पाहिली! प्रचंड खाज.

तर मी आता शिपाई. बेकरीतली नोकरी सोडली, म्हटलं चार दिवस मामाकडे पडून राहू, मग बघू पुढे कुठे ते — आणि आज थेट मामीच्या ऑपेरात उभी! गायचं नाही, बोलायचं नाही. पहिल्या अंकात नोकर, दुसऱ्यात शिपाई, तिसऱ्यात तुरुंगावरचा पहारेकरी. तिन्ही वेळा मिशी तीच.

मामी कंडक्टर. म्हणजे वादकांपुढे छडी घेऊन उभी असते ती. घरातही तशीच. तिने भुवई उचलली की गळका नळसुद्धा दोन क्षण विचार करतो. मामा नायक. नायकाचं वय चोवीस, मामाचं एकसष्ट. स्टेजवर पोट आत ओढून चालतो आणि विंगेत आला की सोडतो — फुस्स!

दिग्दर्शक मोठ्या शहरातून आणलाय. गळ्यात सदा मफलर, म्हणून त्याचं नाव मफलर. तोंडावर 'सर'. त्याने मला विचारलं, "अनुभव?" मी म्हटलं, बेकरी, बोटीवर तिकिटं फाडणं, महिनाभर लोकांची कुत्री फिरवणं. तो म्हणाला, "नुसतं उभं राहता येतं ना?"

येतं म्हटलं. बघू.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गोष्ट कळली एकदाची. गाणी सगळी परक्या भाषेत, कोरसमधल्या दातांच्या डॉक्टरनी समजावली. सरदाराचा मुलगा देशोधडीला लागतो, वेश बदलून बापाच्या वैऱ्याकडेच माळी म्हणून राहतो. वैऱ्याची मुलगी त्याच्यावर जीव टाकते. पकडला जातो. ती माफीचा हुकूम घेऊन धावत येते, तोवर याला गोळी लागलेली. आणि मग तो गायला लागतो! एवढ्या वेळात त्याला दवाखान्यात नेऊन टाके घालून परत आणला असता.

पण मामा गायला लागला ना, तेव्हा हसायला नाही आलं. भाला घट्ट धरून उभी राहिले.

नायिका भारी आहे. मामाच्या निम्म्या वयाची. गळ्यात पडून जीव ओवाळते आणि पडदा पडला की, "काका, चष्मा सोफ्यावर राहिलाय तुमचा."

७ फेब्रुवारी, शनिवार

तालमीत उभ्या उभ्या झोपले. पडले नाही, हे विशेष.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काय करून बसले मी!

मामाने बोलावलं, बूट मापाचे आहेत का बघू म्हणून. सामानाच्या खोलीत आम्ही दोघंच. एक बूट पायात, एक हातात, आणि हा म्हणतो, "बाळ, तुझे कान चांगले आहेत ना?"

मला वाटलं, कानातल्यांबद्दल.

मग सांगितलं त्याने. शब्द जाताहेत. "सूर नाही जात गं. सूर इथे आहेत," छातीवर हात ठेवला. "शब्द दारापर्यंत येतात आणि तिथेच उभे राहतात. आत ये म्हटलं तरी येत नाहीत." प्रत्येक ओळीचा पहिला शब्द कोणी दिला की बाकीचे आपले आपण येतात. आणि तो मी द्यायचा! तिन्ही अंकांत त्याच्या शेजारी मीच असते. मिशीमुळे ओठ दिसत नाहीत. सगळा विचार करून ठेवलाय पठ्ठ्याने.

मी म्हटलं, "मामा, मी गॅसवर दूध ठेवून गावाला गेलेली मुलगी आहे!"

"म्हणून तर. तुझ्यावर कोणाला संशय येणार नाही."

मामीला सांग ना सरळ, म्हटलं. तर माझं मनगटच धरलं. "तिला कळलं तर ती माझ्यासाठी थांबेल. तिचा हात थांबला की चाळीस माणसं थांबतात. सगळ्या थिएटरला कळेल." मग हळू आवाजात, "पुढच्या वर्षीपासून म्हाताऱ्या बापांची कामं करीन. त्यांना दोनच गाणी असतात. एवढं एक मला उभ्याने पुरं करू दे."

डॉक्टर? तर म्हणे, प्रयोग होऊ दे, मग.

हो म्हटलं. नाही म्हणता येतं का, एका पायात बूट असताना?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्थ कळत नाही, नुसते आवाज पाठ करतेय. एक शब्द शिंकेसारखा आहे. एक आमच्या जुन्या घरमालकाच्या खाकरण्यासारखा. तसे लक्षात राहतात.

सकाळी दुसरा अंक पुटपुटत बटाटे आणायला निघाले. वाटेत एका दुकानाची पाटी उतरवत होते. खाली आणखी जुनी पाटी निघाली, तिच्याखाली आणखी एक! चपला, मग घड्याळं, मग शवपेट्या. बघत बसले. भान आलं तेव्हा भाजीवाला दुपारचं दुकान बंद करून निघालेला, आणि दुसरा अंक डोक्यातून साफ! बटाटेही नाहीत.

मामा आणि मी म्हणजे दोन गळक्या बादल्या. एकीतलं पाणी दुसरीत ओतून ठेवतोय, राहील म्हणून.

१५ फेब्रुवारी, रविवार

जमलं!! पहिला अंक पूर्ण. मी कुजबुजते, तो गातो. मध्ये पापणी लवण्याइतकाच वेळ. त्याच्या मानेवरची एक शीर आहे, शब्द सापडला की ती सैल पडते. मला आता तीच दिसते, बाकी काही नाही.

नायिका म्हणाली, "काका, आज काय खाऊन आलात?" मामाने मिशी नसलेल्या ओठांवर ताव दिला. मी भिंतीकडे तोंड करून हसले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मामी माझ्या कोटाचं बटण लावत होती, मी आत असतानाच. "हलू नकोस, टोचेल." मग दोऱ्याकडेच बघत म्हणाली, "उद्यापासून त्याच्या डावीकडे उभी राहा. मफलरला सांगितलंय मी. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं."

दाताने दोरा तोडला आणि गेली.

मी तर मुकी आहे ना? माझं काय ऐकायचंय त्याला?

हा विचार करत जिना उतरले, तर खाली रंगवाला लाकडाला संगमरवर करत होता. कोंबडीच्या पिसाने! पिसाने रेघा ओढतो. मलाही एक खांब करू दिला. माझा संगमरवर जरा आजारी दिसतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लिहवत नाहीये. पण लिहिते.

आज पहिल्यांदा सगळे वादक. दुसरा अंक, मामाचं मोठं गाणं. शिडीवर दिवेवाला उलटा लटकून काहीतरी पिळत होता आणि त्याच्या खिशातून एकेक नाणं खाली पडत होतं, आणि त्याला पत्ताच नाही! मी बघत राहिले. मान वळवली तर मामाची शीर ताणलेली. घाईत दिला शब्द. चुकीचा! पहिल्या कडव्याऐवजी शेवटच्या कडव्याचा.

आणि मामाने तो घेतला. जराही शंका न घेता. लहान मूल हातात दिलेलं तोंडात घालतं तसं.

मधली दोन कडवी उडाली. वादक एका गावात, मामा दुसऱ्या. मामीने छडी खाली केली. सगळं बंद पडलं. मफलर खुर्च्यांमधून ओरडत आला, "चाळीस लोक तुमच्यासाठी बसलेत! घरी पाठ करून यायचं असतं, एवढंही सांगायचं का या वयात?"

मामा म्हणाला, "माफ करा. माझी चूक."

मी भाला धरून उभी. माझी चूक म्हणावं, तर कसली ते सांगावं लागेल. ते सांगितलं की मामा संपला. गप्प राहिले, तरी तोच बोलणी खातोय. तोंड उघडलं होतं मी. मिशीचा केस आत गेला, तेवढंच.

घरी येताना मामा म्हणाला, "नाणी किती पडली गं?"

त्यालाही दिसत होती! दोघंही तिकडेच बघत होतो. हसलो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मफलर घरी आला. मी कॉफी घेऊन दाराशीच थबकले, दोन्ही हात अडकलेले, ना आत ना बाहेर.

"मॅडम, माझ्या ओळखीचा एक पोरगा आहे. हीच भूमिका गेल्या वर्षी केलीय त्याने. आज फोन केला तर सोमवारी हजर होईल."

मामा खिडकीपाशी. पाठ आमच्याकडे.

"तुमचे मिस्टर आहेत म्हणून तुम्हाला जड जात असेल, मी समजू शकतो—"

"तुम्ही नका समजू," मामी म्हणाली. "हा गाणार."

"आणि परत थांबला तर?"

"तर थांबेल. तिकिटाचे पैसे मी देईन. कॉफी घ्या, पोरगी कधीची उभी आहे."

मामा वळला नाही. जिंकल्यावर माणूस असा उभा राहतो का?

२२ फेब्रुवारी, रविवार

मामीला सांगायचं ठरवलं. ती कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "मामी, एक बोलायचं होतं." तिने माझ्या हातात चादरीचं एक टोक दिलं. "धर. ओढ." ओढली. "बोल." चादरीच्या पलीकडे ती, तिचे फक्त पाय दिसत होते.

"काही नाही. बूट लागतात."

"कापूस घाल," ती म्हणाली. बराच वेळ चादर तशीच धरून ठेवली होती तिने.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तिन्ही अंक पाठ! अर्थाशिवाय, अथपासून इतिपर्यंत. शाळेत चार ओळींची कविता येईना म्हणून बाकावर उभी केलेली मी! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं, तेही दुसऱ्याचं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रंगीत तालीम पार पडली. लोक खूष. मी नाही.

आता एक शब्द पुरत नाही त्याला. दोन लागतात, कधी अख्खी अर्धी ओळ. मी भरभर देत जाते आणि तो माझ्या मागून येतो, अंधारात जिना उतरणाऱ्यासारखा. तिसऱ्या अंकानंतर थिएटरच्या मागच्या दाराशी उभा होता. डावीकडे रस्ता, उजवीकडे रस्ता. तीस वर्षं त्याच दारातून घरी येतोय.

"काय बघतोस?"

"संध्याकाळ छान आहे," म्हणाला.

मी त्याचा हात धरून डावीकडे वळले. तोही वळला, जणू त्याला तिकडेच जायचं होतं. धरलेला हात सोडवेना मला. आणि धरून तरी काय होणार होतं?

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज संध्याकाळी. मी दोनदा मिशी लावून काढली. मामा मजेत अंडी सोलतोय.

१ मार्च, रविवार, सकाळ

झाला! झाला झाला झाला!

पहिला अंक लोण्यासारखा. दुसऱ्यात मी शिडीकडे पाहिलंच नाही — शिडी नव्हतीच, पण असती तरी. मोठं गाणं एकही शब्द न सांडता. टाळ्या थांबेनात, मामीला छडी तशीच वर धरून उभं राहावं लागलं.

तिसरा अंक. गोळी लागली. मामा माझ्या मांडीवर कोसळला — पहारेकऱ्याला दया येते असं मफलरने बसवलंय. दिव्यांनी मी घामाघूम. वाकून शब्द द्यायला तोंड उघडलं आणि मिशीची डावी बाजू सुटली! त्याच्या नाकावर लोंबायला लागली. उच्छ्वासाबरोबर वर-खाली.

मामाने पाहिलं. पोट हलायला लागलं त्याचं. मरताना! मी पण ओठ चावतेय. वादक सूर धरून थांबलेले, मामी खालून बघतेय. मी कसाबसा शब्द दिला आणि त्याने तो घेतला, हसू दाबत, आवाज थरथरत, डोळ्यांतून पाणी. समोर लोक हुंदके देत होते! पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी रुमालात तोंड खुपसलं.

नायिका धावत आली, मिशी पाहिली, आणि सरळ मामाच्या छातीवर तोंड लपवून 'रडली'. खांदे गदगदत होते नुसते.

मफलर आत येऊन मामाच्या पाया पडायचा बाकी होता. "असं मरणं मी पाहिलं नाही, सर!" चक्क सर!

मामा माझ्या कानाशी आला. म्हणाला, "पुरं झालं बघ."

आज दुसरा आणि शेवटचा प्रयोग. मिशीला जास्त गोंद. मग मी मोकळी. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात माणसं हवी आहेत म्हणे. मंगळवारची गाडी आहे. त्याला डॉक्टरकडे नेलं पाहिजे हे मामीला जाताना सांगेन. एकदाचं. नक्की.

२ मार्च, सोमवार

सकाळी नाश्त्याला तिघंच. कालचा प्रयोगही पार पडला होता, आता त्याचं काही बोलायचं राहिलं नव्हतं. मामी ओट्याशी, पाठ आमच्याकडे. मामाला मीठ हवं होतं. तिला हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

उघडंच राहिलं.

मानेवरची शीर ताणली. मग हळूच, विंगेत वळतो तसा, डावा कान माझ्याकडे केला.

मी ओठ न हलवता तिचं नाव सांगितलं.

त्याने हाक मारायच्या आधीच मामी म्हणाली, "ओ."

मागे वळली नाही.