शांत खोलीतली शिट्टी

विश्रांतवाडी, पुणे

दुर्गाताई,
इथूनच वाकून नमस्कार.

एका खोलीच्या शांततेची खरी किंमत सांगू? छत दोनदा उघडलं, हवेचा पंप गच्चीवर नेला आणि माझं दिवाळीला गावी येणं हुकलं. पण खोली झाली! शास्त्रज्ञ तिथे बारीकात बारीक आवाज मोजणार. आराखडा कुणाचा? कधीकाळी दुसऱ्यांचे नकाशे गिरवणाऱ्या तुझ्या भावाचा. दार लावलं की आळंदी रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा मरतात.

काल तपासणी होती. नापास झालो असतो, तर पुढची इमारत दुसऱ्याला गेली असती. आत पाऊल टाकलं आणि म्हणालो, "थांबा, अजून शिट्टी वाजतेय." तिच्यापायीच तर दोनदा छत उघडवलं होतं. दूध उतू जाणार हे मला अंगणात ऐकू यायचं, आठवतं ना? तोच कान, ताई. सगळ्या इंजिनिअरांच्या पुढे!

तपासणाऱ्या उत्कर्षा मॅडमनी यंत्र लावलं. यंत्राला काही ऐकू येईना.

"साहेब, खोली पास," त्या म्हणाल्या. "शिट्टी घरी उशीवरही वाजते का, तेवढं बघा." पुणेरी बाई, सरळ बोलेल तर शपथ!

पुढची इमारतही मलाच मिळाली. कात्रजचे पेढे पाठवतोय. भाऊजींचा गुडघा कसा आहे? आईला फोनवर जरा मोठ्याने बोलायला सांग, लाइन खराब असते.

तुझा धाकटा,
नागोराव

ता. क. आईला सांगू नकोस, पण लाइन चांगली आहे. शिट्टी माझ्या डाव्या कानात आहे. गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय.