नाक्यावर आलेली पाणमांजरं

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडायला मला कुणी अडवणार नाही. आई होती तोवर तिच्यासमोर तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द काढायची सोय नव्हती. आता तीही नाही. भिसेगावच्या घरात दुपारी मी एकटीच असते, सून कामाला जाते, रेडिओ ऐकून ऐकून किती ऐकणार? म्हटलं, आज एकदाचं बोलून टाकू.

लोधिवलीच्या पुढे पुण्याच्या जुन्या रस्त्यावर जंगलखात्याचा नाका होता, तुम्ही तिथले गार्ड. एक आडवा बांबू, एक पत्र्याची खोली आणि तिला चिकटून आपलं दोन खणांचं क्वार्टर. तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची. सापळेवाल्यांनी धरलेल्या जनावरांची कातडी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जायच्या आधी तुमच्या पुढ्यात यायची. रानमांजर, उदमांजर, कोल्हा, आणि सगळ्यात भाव खाणारं ते पाणमांजर. तुम्ही कातडं उलटं करायचात, उन्हात धरायचात, पिल्लाचं निघालं तर आणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून जप्त करायचात. मोठ्याचं असलं की मागच्या बाजूला जांभळा शिक्का. महिना संपला की किती कातडी गेली ते वर कळवायचं. राखण करायची म्हणजे मोजत राहायचं, असं खात्यानं तुम्हाला शिकवलं होतं आणि तुम्हीही ते मनापासून धरून बसला होतात. मोजलं की हिशेबात राहतं, आणि हिशेबात राहिलं की संपत नाही, असं तुम्ही आईला एकदा समजावून सांगताना मी ऐकलंय. किती भोळे होतात हो तुम्ही! खाकी घातली म्हणून काय झालं?

मी तिसरीत असेन. शाळेतून येते, तर टेबलावर पाणमांजराचं एक कातडं पसरलेलं आहे, तुम्ही बाहेर ट्रकवाल्याशी हुज्जत घालताय. मी त्यावर गाल टेकवते. आईशप्पथ, इतकं मऊ काही मी तोवर हातात घेतलेलं नव्हतं, आईचं लग्नातलं लुगडंसुद्धा नाही. तेवढ्यात तुम्ही आत येता. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, त्या दिवशी मात्र दंडाला धरून मला ओढलंत. "ते काय खेळायचं हाय? जा, राखेनं हात धू. तोंड पण धू." मी रडत रडत मोरीत बसले. तुम्ही दाराशी उभे, आणि मी धुतेय की नाही हे बघत होतात. मला वाटलं, वासामुळे ओरडलात. पुढे कितीतरी वर्षं मला तसंच वाटत होतं. आता वाटतं, ते कातडं माझ्या गालाला लागलेलं तुम्हाला बघवलं नसावं.

मग कातडी कमी यायला लागली. आधी लहान होत गेली, मग कमी. तुमच्या डोळ्यांसमोर होत होतं सगळं. एक म्हातारा सापळेवाला होता, चौक गावाकडचा, खोकत यायचा आणि नाक्याच्या बाकड्यावर तुमच्या शेजारी बिडी ओढत बसायचा. एके दिवशी तो रिकाम्या हातानं आला. तुम्ही विचारलंत, "काय रं, आज काय नाय?"

"दादा, चापात खेकडं घावतात आता. आख्खी नदी पालथी घातली. आमी काय खायाचं नि तुमी कशावर शिक्का मारायचा?"

तो हसला, तुम्ही नाही हसलात. मला पक्कं आठवतंय, तुम्ही चहाचा कप हातात धरून तसेच बसून राहिलात, आणि चहा निवला म्हणून आईनं दोघांनाही झापलं.

आणि वर काय झालं? वरच्यांनी कागदावर बघितलं, कातडी घटली, म्हणजे शिकार आटोक्यात आली. झालं! कर्जतला बोलावून तुमचा सत्कार केला. शाल, नारळ, हार. साहेब म्हणाले, असा कडक गार्ड प्रत्येक नाक्यावर असता तर जंगलाचं सोनं झालं असतं. मी नि आई पहिल्या रांगेत, आई तर नुसती फुलून गेलेली. तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुम्ही उभे राहिलात, हारात मान अडकल्यासारखी, आणि म्हणालात, "सायेब, कमी नाय झाली. संपली." बस्स. एवढंच बोलून खाली बसलात. लोकांना काय कळलं देव जाणे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

घरी आईनं केळं घालून शिरा केला होता. तुम्ही ताटाला हात लावेनात. ती म्हणाली, "अहो, एवढं कौतुक झालं आणि तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?" तुम्ही म्हणालात, "अगं, नदीत जनावर उरलं नाय म्हणून कातडं येत नाय. त्यात माझी कसली हुशारी? जी गेली ती माझ्याच हाताखालनं गेली." आईनं ताट झाकून ठेवलं. शिरा दुसऱ्या दिवशी मी खाल्ला.

नंतर तुम्ही साहेबांना भेटायला गेलात, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काही वर्षं शिकार साफ बंद करा म्हणालात. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की आकडे तर चांगले दिसतायत. आकडे तुमचेच! तुमच्याच हातचे आकडे तुमच्या तोंडावर मारले की हो त्यांनी. पुढे कायदा आला, कातड्याचा व्यापारच बंद झाला, शिक्का परत मागवून नेला. गावात सगळे म्हणाले, आता जनावरं वाढतील. तुम्ही त्या दिवशी हसलात, आणि ते हसणं ऐकून आईनं घाबरून देवापुढे दिवा लावला.

निवृत्त झाल्यावर सकाळी उठून पाताळगंगेवर जायचात. पाणमांजर खडकावर शिटतं, त्यात माशांची खवलं असतात, तेवढी दिसली तरी पुरे म्हणायचात. तो म्हातारा सापळेवालाही यायचा तुमच्याबरोबर. चाप नाही, शिक्का नाही, दोघे आपले काठाकाठानं दगड बघत चाललेत. लोक म्हणायचे, यांचं काहीतरी हरवलंय. तो आधी गेला. मग तुम्ही एकटेच जात राहिलात, आणि दर वेळी तसेच परत आलात. आई विचारायचीसुद्धा नाही.

मला राग कशाचा येतो सांगू? तुम्ही वाईट असतात तर बरं झालं असतं. पैसे खाल्ले असतेत तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्ही सगळं नीट केलंत, जसं सांगितलं तसं, आणि नीट करता करताच पाणमांजरं संपली. याचं मी काय करू? कुणाला जाऊन विचारू?

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच आहे. पण एक गोष्ट राहिली, ती तुम्हाला कळलेली बरी. शेवटच्या आजारात जो भेटायला येईल त्याला तुम्ही सांगायचात, की मी दोन-अडीच वर्षांची असताना तुम्ही मला खांद्यावर बसवून नदीवर नेलं होतं, आणि पाणमांजराची मादी दोन पिल्लं घेऊन पलीकडच्या काठावरून घसरत पाण्यात उतरली, ती बोट करून मला दाखवली होतीत. "मी गेलो तरी ही पोर हाय ना, तिनं बघितलीय," म्हणायचात, आणि मग जरा शांत पडायचात. आबा, मी पुष्कळ आठवून बघते. डोळे मिटून बसते. पाणी दिसतं. तुमचा कान दिसतो, केस पिकायला लागलेले. तुमचं बोट दिसतं. बोटाच्या पुढे मला काही दिसत नाही.