मस्कतहून मुंबई, धुळ्याहून सावदा

आई, दादा मस्कतला निघाला तेव्हा किती लांब ते तू विचारलं नाहीस, किती वेळ लागतो ते विचारलंस. सोळाशे किलोमीटर असेल, तो म्हणाला, पण विमान पावणेतीन तासांत मुंबईला उतरतं. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. "मंग तं तू बहिनीपक्षा जवळच चालला," म्हणालीस, कारण सावद्याहून माझ्या धुळ्याच्या घरी यायला तुला एसटीने पाच तास लागायचे. आपण तिघंही हसलो. माझी शाळा चौथीतच सुटली, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, पण अंतर वेळेत मोजायचं हे तुझ्याकडूनच आलं.

धुळ्याच्या त्या घरात मार जेवणासारखा होता, दोन वेळचा. भाजीत मीठ जास्त झालं तरी, कमी झालं तरी. "बाप सरणावर, भाऊ समुद्रापार, माय केळीत. बोंबल किती बोंबलायचं ते," माझा नवरा म्हणायचा. एके दिवशी त्याने बसायचा पाट माझ्या हातावर घातला आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. शेजारच्या अक्कांनी सावद्याला, तू घड कापायला जायचीस त्या केळीच्या व्यापाऱ्याकडे फोन लावून तुला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तू दारात. पदर खोचलेला, हातात पिशवी, पिशवीत घड कापायचा विळा.

"जवाईबापू, पोरगा इमानात बसला. पावनेतीन घंट्यात ममईले, तिथून रातची गाडी. सकाळी तुमच्या दारात."

तो दाराला टेकून हसला. "सासूबाई, तिथला मालक अशी सुटी देतो होय? चहा घ्या अन् जा." आणि तुझ्या देखत त्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आहे, डोळ्यांपुढे अंधारी, आणि तू पिशवीत हात घालतेस. विळा त्याच्या कानाची पाळी फाडत चौकटीत रुतला. सदरा लाल झाला. त्याने माझे केस सोडले. तू विळा हिसकून काढलास आणि दळण टाकायला आल्यासारखी म्हणालीस, "पोरगा येईपरेंत मी हाये ना."

आपल्याला कुणी अडवलं नाही. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला माझा हात जिवावर येत होता. पारोळ्यापाशी मी विचारलं, "दादा खरंच निघाला का गं?"

"त्याले कोनं सांगितलं? कागद जायलेच पंधरा दिस लागतात," म्हणालीस, आणि माझा हात मांडीवर घेतलास. जळगाव आलं तरी सोडला नाहीस.

मी परत त्या घराची पायरी चढले नाही. लोक काय काय बोलले ते तू ऐकलंस, मला ऐकू दिलं नाहीस. मरेपर्यंत एकच म्हणायचीस, देवाने राखलं, विळा बोटभर चुकला, नाहीतर माझ्या हातून मुडदा पडला असता. मी मान हलवायचे. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहिते आहे: आई, तो विळा बोटभर चुकला याचं मला पुढे कितीतरी वर्षं वाईट वाटत राहिलं.