काचेवरची फुंकर

५ मे

आले बाई एकदाची काशीत! गाडीला चार तास उशीर, अंगाचा नुसता चिकचिकाट, तरी मी जाम खूश आहे. आम्ही अकोल्याची माणसं, उन्हाचं कौतुक आम्हाला कोणी सांगू नये. दूधविनायकाच्या गल्लीत हिमानीकाकूंकडे वरची खोली मिळाली. काकूंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनमधून हिंदी डोकावतं. आल्या आल्या म्हणाल्या, आधी नहाऊन घे, मग गरम पोहे खा, शरमायचं काही काम नाही. त्यांची मुलगी स्वरदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. तासाभरात तिनं मला ताई करून टाकलं आणि तुमची लॅब दाखवा म्हणून मागेच लागली.

६ मे

औषधांच्या लॅबमधला पहिला दिवस. काम मजेचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेढ्याच्या खोक्याएवढी धातूची पेटी बसवलेली आहे, सगळे तिला ठंडी पेटी म्हणतात. आत काचेवर औषधाचा थेंब ठेवायचा, द्रव नायट्रोजन सोडून उणे ऐंशीपर्यंत गोठवायचा, मग हळूहळू तापवत तो नेमका किती अंशाला वितळतो ते बघून वहीत लिहायचं. रोज सकाळी सगळ्यात आधी रिकामी काच तपासायची. तिच्यावर काहीही दिसता कामा नये.

नीलकंठ सर मला शिकवून परवा नोकरी सोडणार आहेत. शांत, भला माणूस. एकच गोष्ट दहादा सांगतात, झाकण उघडं असताना श्वास रोखून धर, नाहीतर श्वासातली वाफ काचेवर गोठते. आणि गंमत म्हणजे बाहेर लू, इकडचा तो भाजून काढणारा उन्हाळी वारा, वाहतेय नि सरांच्या अंगात लोकरी स्वेटर! वर मफलर! मला हसू आवरेना, खोकल्याचं सोंग करून बाहेर पळाले.

८ मे

सरांचा शेवटचा दिवस. निघताना त्यांनी पेटी उघडली आणि म्हणाले, काचेवर धूळ दिसतेय, जरा फुंकर मार. मी विचारलं, अहो सर, श्वास रोखायचा ना? म्हणाले, आज चालतं. मारली फुंकर. त्यांच्या कपाळावर डबडबून घाम आला. तापमापक काखेत धरून पाहिला, लॅबच्या वहीत मागे काहीतरी खरडलं, स्वेटर काढून माझ्याकडे न बघता पिशवीत कोंबला आणि भराभर जिना उतरले. निरोपाचा पेढ्यांचा पुडासुद्धा टेबलावरच राहिला. विचित्रच आहेत! पेढे आम्ही खाल्ले.

१२ मे

रिकाम्या काचेवर पांढरा डाग आहे, भाताच्या शिताएवढा. हिम. शून्याला वितळायला हवं, वितळलं नाही. काच बदलली. नव्या काचेवरही तेच! शेवटी इरेला पेटून पेटी शंभरापर्यंत तापवली. पाणी उकळतं तिथे, पण हा डाग ढिम्म हलला नाही.

संध्याकाळी काकूंनी माठातलं पन्हं दिलं. पहिल्याच घोटाला माझे दात वाजायला लागले. सगळं घर पंख्याखाली नि मी गोधडीत.

१४ मे

लिहायचीही भीती वाटते. डाग पसरतो आणि आकसतो, माझ्या श्वासाबरोबर. मी श्वास रोखला, तो थांबला. सोडला, तो पसरला. तीनदा करून पाहिलं.

लॅबमधल्या तापमापकानं माझं तापमान घेतलं. ३५.१. काकू म्हणतात लू लागली. लू लागल्यावर अंग तापतं हो काकू, गार नाही पडत.

१६ मे

लॅबच्या वहीच्या मागच्या पानांवर नीलकंठ सरांचं अक्षर सापडलं. तारखा आणि आकडे. ३६.८, ३५.९, ३४.७, असे उतरत उतरत ३१.२. मग ८ मे, ३७. माझ्याकडून फुंकर मारून घेतली तो दिवस. थंडी त्यांची होती. मला देऊन गेले.

त्यांच्याही आधी कुणा शरदिनीबाईंचे आकडे आहेत. शेवटचा २८. खाली एक ओळ, दुसऱ्या कोणाला फुंकर मारू देणार नाही. पुढचं पान कोरं.

सरांना फोन करून तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. ते रडले. म्हणाले, माझ्या दोन मुली लहान आहेत गं. फोन ठेवून दिला.

१८ मे

दोन दिवस लॅबला गेलेच नाही. भर दुपारी गच्चीवर बसले. दगड पोळत होते, मला घामाचा थेंब नाही. लॅबमधून आणलेल्या तापमापकावर ३३. डॉक्टर आले, माझं मनगट धरलं नि झटकन सोडलं. म्हणाले, तुमचा तापमापक बिघडलाय.

२० मे

३१.४. आईला फोन केला. जीभ जड झालीय. तिला वाटलं मी पिऊन बोलतेय. आधी हसले, मग ढसाढसा रडले. सव्वीस वर्षांची आहे मी. मला जगायचंय.

स्वरदा सारखी गरम पाण्याची पिशवी आणते, माझे तळवे चोळते. गुणी पोर. तिला पेटीजवळ फिरकू देणार नाही. आईची शपथ.

२१ मे

२९.६. बोटं वळत नाहीत. उद्या जाऊन पेटीवर चिठ्ठी चिकटवायची, कोणी उघडू नका म्हणून. एवढं तरी—

२२ मे, दुपार

२८.३. लॅबमध्ये आहे. जिना चढवेना म्हणून स्वरदा बरोबर आली— नको म्हटलं तिला, दोनदा म्हटलं— ऐकते कुठे—

मी खुर्चीत. ही डायरी मांडीवर. चिठ्ठी अजून हातातच—

ती पेटीशी. झाकण उघडलं तिनं. म्हणते, ताई, काचेवर धूळ आहे, फुंकून देऊ?

नाही म्हणायचं. एवढंच. एक शब्द. तोंड उघडलं मी—

मिटलं.

ती वाकली—

अगं स्वरदा— देवा, मला घाम—