निवृत्तीनंतर इलियासला

प्रिय इलियास,

काल माझा शेवटचा रणजी सामना झाला. भाषणं झाली, शालही मिळाली. पण खेळताना नव्या फिरकी बोलरच्या चेंडूवर माझ्याकडून झेल सुटला आणि मी तुझ्या टोमण्याची वाट बघत राहिलो, "क्या रे शंतनू, मेहंदी लगाके आया क्या?" तो पोरगा मात्र मलाच म्हणाला, "सॉरी, सर."

संघातून वगळल्यावर तू मुकुंदवाडीत बॅटऱ्यांचं दुकान टाकलंस आणि मैदानाकडं पाठ फिरवलीस. तुला दुखेल म्हणून मीही कधी आलो नाही. आता मीही तुझ्यासारखाच बाहेर आहे.

पत्राला तू उत्तर देणार नाहीस. म्हणून हे टाकत नाही, उद्या दुकानावरच येतो. मला बघून शटर ओढू नकोस, यार.

तुझाच कीपर,
शंतनू